लेन्स उजव्या डोळ्यापुरती

मावशीच्या चष्म्याला आमच्या रस्त्यावर जेवढा मान होता, तेवढा खुद्द मावशीला कधी मिळाला नाही. दोन्ही डोळ्यांना उणे सातचा नंबर, आणि काचा इतक्या जाड की बाजूने पाहिलं तर त्यांत एकात एक गोल दिसायचे. कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात खिडकीशी खुर्ची टाकून ती रफू करत बसायची. गिऱ्हाईक यायचं, त्या काचा बघायचं आणि आपला महागातला कोट निर्धास्तपणे तिच्या हाती देऊन जायचं. घरी गेल्यावर सांगायचं, "दुर्बीणबाईंकडे टाकलाय." एवढ्या जाड काचांतून बघणाऱ्या बाईला कापडाच्या पोटातलंही दिसत असणार, असा सगळ्यांचा पक्का समज होता.

खरं तर सगळं उलटं होतं. रफू करताना मावशी चष्मा काढून ठेवायची. तिच्या उघड्या डोळ्यांना लांबचं काही दिसत नसे, पण वीतभर अंतरावरचं भिंगाखाली ठेवल्यासारखं दिसायचं. कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायचे, बारीक सुईत ओवायचे आणि एक वर एक खाली करत भोकावर नवं कापडच विणून काढायचं, हे सगळं ती कापडाला जवळजवळ नाक लावून करायची. काम संपलं की भोक कुठे होतं हे कोटाच्या मालकालाही सापडत नसे. चष्मा ही नुसती दुकानाची पाटी होती, आणि ही गोष्ट घरात मला आणि दुकानात इस्त्रीवाल्या काकांना, एवढी दोघांनाच माहीत होती.

घोटाळा व्हायचा तो मान वर केल्यावर. कापडाच्या पलीकडे सगळं धुकं. दारात कुणी आलं की मावशी टेबलावर चाचपून चष्मा शोधायची, घालायची, बोलायची, पुन्हा काढायची. दिवसातून शंभर वेळा. कंटाळा आला की चष्मा न घालताच अंदाजाने बोलायची. "दृष्टीआड सृष्टी," म्हणायची, "आवाजावरून कळतं की." पण सगळ्यांचं कळत नाही. एकदा तिने हॉटेलातल्या वाढप्याचा काळा कोट वकिलांच्या हातात दिला आणि त्या दिवशी वकीलसाहेबांनी न्यायाधीशांसमोर खिशातून कागद काढला तो दोन सूप आणि एक कोंबडीचा निघाला.

तेही निभावलं असतं. पण मग एका दुपारी कुणीतरी आत आलं, आणि इस्त्रीवाले काका आले असं समजून मावशी मान वर न करता म्हणाली, "चहा आत्ताच पिऊन घ्या, कंजुषाची यायची वेळ झाली." कंजूष समोरच उभा होता.

दुकानाचे मालक तसे आरडाओरडा करणारे नव्हते. ते शांतपणे बोलायचे, आणि तेच वाईट होतं. "बाई, खिडकीत बसणारं माणूस म्हणजे दुकानाचं तोंड," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दारात दिसलं की मान वर करून, ओळखून, हसून 'या' म्हणता आलं पाहिजे. महिनाभर बघतो. नाही जमलं तर खिडकीत मेहुण्याची मुलगी बसेल आणि तुम्ही मागे बसा."

मागे म्हणजे वाफेच्या इस्त्रीच्या पलीकडे, एका पिवळ्या दिव्याखाली. त्या दिव्यात काळा धागा आणि गडद निळा धागा सारखेच दिसतात. रफूवाल्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे त्याला घरी बसवणंच, फक्त सभ्यपणाने. संध्याकाळी मावशीने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण डबीतल्या सुया पुन्हा पुन्हा मोजत होती. मी तिची भाची, शाळेत शिक्षिका. मला वाढवलं तिने, आणि ते त्या खिडकीतल्या उजेडावर. मला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की मी शाळेत करते तेच घरीही करते, म्हणजे उपाय सुचवत सुटते.

"दुहेरी नंबरचा चष्मा घे."

"घेतला होता. खालच्या तुकड्यातून धागा दिसत नाही, आणि जिन्यावर पायरी दिसते ती जिथे नाही तिथे."

"मग लेन्स लाव डोळ्यांत. आमच्या चित्रकलेच्या बाई लावतात."

बोलून गेले आणि मग मलाच वाटलं, एकोणपन्नासाव्या वर्षी हे काय खूळ. पण मावशीने ते उचललं. हिवाळ्यासाठी बूट घ्यायला तिने थोडे पैसे बाजूला टाकले होते. "तेवढ्यात बसत असेल तर बघू," ती म्हणाली. "पाय काय, मोजे घालूनही चालतील."

चष्म्याच्या दुकानातला मुलगा नुकता शिकून आलेला, नीटनेटका, आणि स्वतःला चष्मा लावणारा होता. मावशीने पहिला प्रश्न तोच विचारला, "लेन्स एवढ्या चांगल्या, तर तू का नाही लावत?" त्याने घाईघाईने डोळे तपासले आणि भाव सांगितला. एका डबीत सहा लेन्स, एक लेन्स महिनाभर चालते, रोज रात्री काढून औषधाच्या पाण्यात ठेवायची. दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच, म्हणून एक डबी दोन्हींना पुरेल, म्हणजे तीन महिने. बुटांच्या पैशांत डबी आणि पाण्याची बाटली बसत होती, जेमतेम. आधी आठवडाभर वापरून बघायला एक जोडी त्याने फुकट दिली.

लेन्स घालायला शिकणं हा एक तमाशाच झाला. केसाएवढ्या सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवणारी बाई, पण बोट डोळ्याजवळ आलं की पापणी दार लावून घ्यायची. चाळीस मिनिटं गेली. मी मागून "रिलॅक्स, मावशी, रिलॅक्स" म्हणत होते. शेवटी तिने मला बाहेर उभं केलं, आणि मी बाहेर जाताच दोन मिनिटांत दोन्ही लेन्स बसल्या. एका बाबतीत मात्र तिने त्या मुलाला गार केलं. लेन्स उलटी झालीय की सुलटी, हे ओळखायला माणसांना आठवडा लागतो, असं तो सांगत होता. मावशीने बोटाच्या टोकावरची लेन्स उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "उलटी." त्याने तपासलं तर खरंच उलटी. "कापड असो की काही असो, उलटी बाजू लपत नाही," ती म्हणाली आणि मोठ्या तोऱ्यात माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली ती चष्म्याशिवाय. दारात पहिलं गिऱ्हाईक आलं, मावशीने बसल्या जागेवरून ओळखलं, नावानिशी "या" केलं, तारसुद्धा बरोबर दाखवली जिच्यावर त्यांची पँट टांगली होती. मालकांच्या भुवया वर गेल्या. मावशी खूश झाली आणि मग तिने सुई हातात घेतली. सुई हातात आहे हे तिला कळलं ते टोचली म्हणून. धागा दिसेना, भोक दिसेना, स्वतःची बोटंसुद्धा कुणी पुसून काढल्यासारखी. कापड नाकाशी नेलं तर आणखी पुसट, आणि लांब धरावं तर हात पुरेना.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या मुलापुढे.

"काकू, तुम्हाला चाळिशी लागलीय," तो म्हणाला. "चष्मा काढून काम करत होता म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. सोपं आहे, लेन्स घातल्यावर वरून जवळचा चष्मा घालायचा."

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे चष्मा नको म्हणून लेन्स घ्यायची, आणि लेन्स घेतली म्हणून चष्मा घ्यायचा?"

"सगळे तसंच करतात."

"सगळ्यांना खिडकी सोडायची पाळी आलेली नसते, बाळा."

मला वाटलं आता हिचा धीर सुटला, आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार एवढ्यात तिने डावीकडची लेन्स चिमटीत धरून काढली. उजव्या डोळ्याने समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचली. मग तो डोळा मिटून डाव्याने आपल्या बाहीचं कापड वाचलं, म्हणजे किती धागे उभे आणि किती आडवे ते मोजलं. आणि म्हणाली, "मला एकाच डोळ्याची दे."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. इथे दोन मिळत असताना ही एकच मागत होती. त्या मुलाचे डोळे पांढरे झाले. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा असं डॉक्टर काहींना मुद्दाम करून देतात, त्याने सांगितलं, पण दोहोंत फरक अगदी थोडा ठेवतात. सातचा फरक म्हणजे डोकं गरगरेल, पायरी चुकेल, मेंदूला सवय व्हायला आठवडेच्या आठवडे लागतील, काहींना होतही नाही.

"मेंदूला दुसरं काय काम आहे?" मावशी म्हणाली. तिने तोवर दुसरा हिशेब करून टाकला होता. एकाच डोळ्याला लावली तर डबी सहा महिने चालणार होती. मी गणित शिकवते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. महिन्याने तपासायला यायचं आणि तोवर सायकलला हात लावायचा नाही, असं वचन घेऊन त्याने डबी दिली.

पहिला आठवडा घरात मीच डोळ्यांत तेल घालून वावरत होते. मावशी चहा ओतायची तो कपाच्या शेजारी. किल्ली कुलपाच्या बोटभर डावीकडे लावून "कुलूप बिघडलंय" म्हणायची. मी चिडले, बोलले, "डोळ्यांशी कसले खेळ करतेस?" तर म्हणे, "खेळ नाही गं, काटकसर." दोन्ही डोळ्यांतली चित्रं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिने स्वतःच एक युक्ती काढली. सुईकडे बघताना उजवा डोळा मिटायचा, दाराकडे बघताना डावा. सुईचं ठीक होतं, तेव्हा मान खाली असते. दाराचं काय होतंय ते मात्र नऊ दिवस ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या.

दहाव्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुकानात गेले. दार उघडून एक जाडजूड गृहस्थ आत आले. मावशीने मालकांच्या हुकुमाप्रमाणे मान वर केली, तोंडभर हसली, डावा डोळा टचकन मिटला आणि गोड आवाजात म्हणाली, "या!" तो बिचारा दारातच थबकला. त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. मग त्याने टोपी काढली आणि आत येऊन स्वेटरऐवजी चुकून छत्रीच काउंटरवर ठेवली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इस्त्रीवाल्या काकांनी मला मागे बोलावलं आणि आवाज न करता, पोट धरून हसत सगळं सांगितलं. नऊ दिवस असंच चाललं होतं. बेकरीवाला हल्ली केसांना पाणी लावून येतो. निवृत्त पोस्टमास्तर एकच कोट तिसऱ्यांदा घेऊन आलेत, आणि दर वेळी नवं भोक. मावशी त्यांना म्हणाली होती, "साहेब, हे कसरीचं काम नाही. कसर कधी ब्लेडसारखी सरळ रेषेत खात नाही." पोस्टमास्तरांचे कान लाल झाले म्हणे, पण कोट ठेवूनच गेले.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं लाजेल. ती हसायला लागली आणि थांबेचना. "पुरे, पुरे, लेन्स वाहून जाईल," म्हणत उजव्या डोळ्यावर हात धरून हसत राहिली.

हसू दोनच दिवस टिकलं. बेकरीवाल्याची बायको दुकानात आली आणि चार लोकांत मालकांना म्हणाली, "तुमच्या खिडकीतल्या बाई माझ्या नवऱ्याला डोळा मारतात." मालकांनी मावशीला उद्या सकाळी भेटा म्हणून सांगितलं. रात्रभर मी तिच्यामागे लागले होते: खरं सांगून टाक. एकाच डोळ्याला लेन्स आहे, म्हणून दुसरा मिटावा लागतो, यात चोरी कसली?

"आणि मग?" मावशीने विचारलं. या वेळी ती अजिबात हसत नव्हती. "एका डोळ्याने रफू करणारी बाई म्हणून उद्या वकील मला कोट देईल? तीस वर्षांत माझं एक रफू कुणाला सापडलेलं नाही, पण हे कळलं की सगळ्यांना सगळी रफू दिसायला लागतील. डोळा मारते म्हणून कुणी कोट परत नेत नाही, बाळा. एका डोळ्याची म्हणून नेतात."

मला तिचा राग आला, आणि तिचं खरं होतं म्हणून जास्त आला.

सकाळी मालकांनी खाकरून, छताकडे बघत विषय काढला. मावशी म्हणाली, "सवय आहे, मालक. लहानपणापासूनची."

"इतक्या वर्षांत कधी दिसली नाही ती."

"चष्मा होता ना."

मालकांनी एवढंच बजावलं की महिन्याचा शेवटचा दिवस ते स्वतः दाराशी बसून बघणार आहेत, आणि मेहुण्याच्या मुलीलाही त्या दिवशी बोलावलंय. म्हणजे खुर्ची जवळजवळ गेलीच, असं इस्त्रीवाले काका मला म्हणाले.

त्या दिवशी मी शाळेत पहिल्यांदा खोटं बोलून रजा घेतली आणि मागच्या पिवळ्या दिव्याखाली काकांशेजारी उभी राहिले. मेहुण्याची मुलगी स्टुलावर येऊन बसली होती. चुणचुणीत होती, हसरी होती, तिचा राग यावा असं तिने काहीच केलं नव्हतं, तरी मला ती बघवत नव्हती. मालक दाराशी वही घेऊन बसले. मावशीने कुणाकडेच पाहिलं नाही. तिच्या मांडीवर एक राखाडी कोट होता, कोपरावर भोक पडलेला. ती चार धागे विणायची, मान वर करायची आणि रस्ता ओलांडत असलेल्या माणसाचा कपडा आधीच तारेवरून काढायला सांगायची. माणूस दारात येईतो कपडा काउंटरवर. "वकीलसाहेब, काळा तुमचाच, खिसे बघून घ्या." वकीलसाहेबांनी खरंच खिसे बघितले. पोस्टमास्तर चौथ्यांदा आले. आणि प्रत्येकाला हसू, आणि प्रत्येकाला तो डोळा! मी काकांचा हात घट्ट धरला होता. आज तरी नको, मावशी, मी मनात म्हणत होते, निदान आज तरी.

चारच्या सुमाराला बेकरीवाला आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. मालक उठून उभे राहिले. मावशीने मान वर केली, दोघांना नीट बघितलं, आणि डोळा मारला तो आधी बायकोला. मग नवऱ्याला, जरा कंजुषीने. ती बाई भांडायला म्हणून तोंड उघडून आली होती, ते तोंड तसंच राहिलं आणि मग त्यातून हसूच बाहेर पडलं. जाताना ती नवऱ्याची दोन जाकिटं आणि स्वतःची शाल टाकून गेली.

संध्याकाळी मालकांनी वही मिटली. इतर दिवसांपेक्षा दीडपट माणसं आली होती आणि कुणाचा कपडा कुणाकडे गेला नव्हता. "खुर्ची राहू दे इथेच," ते मावशीला म्हणाले. मेहुण्याच्या मुलीला त्यांनी पावत्या लिहायला ठेवून घेतलं. निघता निघता पुन्हा छताकडे बघत म्हणाले, "ते डोळ्याचं तेवढं... बेताने." मी मागच्या मागे इस्त्रीच्या वाफेत रडून घेतलं. काकांनी कुणाचा तरी धुतलेला रुमाल माझ्या हातात दिला.

चार दिवसांनी आम्ही तपासणीला गेलो. त्या मुलाने तक्ता वाचून घेतला, जवळचा कागद वाचून घेतला, टेबलावर पेन ठेवून उचलायला सांगितलं. मावशीने सगळं केलं, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून. तो खूश झाला. "एक डोळा मिटावा लागतो का अजून?"

"छे," मावशी म्हणाली. "तिसऱ्या आठवड्यातच थांबलं ते. आता ज्याचं काम तो करतो."

रस्त्यावर येईपर्यंत मी मनातल्या मनात आठवडे मोजत होते. पुन्हा पुन्हा मोजले तरी उत्तर तेच येत होतं.

"मावशी, मालक दाराशी बसले होते तो चौथा आठवडा होता."

"हो."

"म्हणजे त्या दिवशी तुला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं."

"लख्ख."

"आणि खुर्ची जाणार होती! मी मागे उभी राहून नुसती मरत होते! आणि त्या दिवशी पोस्टमास्तरांना?"

"त्यांना दोनदा. चार भोकं पाडलीत बिचाऱ्यांनी."

मला खूप बोलायचं होतं, वयाबद्दल, लोकांबद्दल, माझ्या शाळेतल्या अब्रूबद्दल. पण मावशी चालता चालता थांबली आणि माझा दंड धरला.

"तीस वर्षं लोक माझ्या चष्म्याशी बोलून परत जात होते गं," ती म्हणाली. "त्यांनी कधी मला बघितलं नाही, आणि मीही त्यांना धुक्यातच बघितलं. आता माणूस दारात आल्या आल्या मला दिसतो. मग मला तो दिसला, हे त्याला कळायला नको?"